अधिक पिकाचे ऋण

जमीन नांगरणे हे हिंसेचे काम आहे, असे भारतीय धर्मग्रंथांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. ब्राह्मणाने किंवा क्षत्रियाने अडचणीच्या काळी वैश्याचा व्यवसाय पत्करला तरी शेती शक्यतो टाळावी, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो; कारण लोखंडी फाळ जमिनीला आणि तिच्या पोटातल्या जीवांना इजा करतो. बौद्ध विनयात भिक्षूला जमीन खणायला मनाई आहे, आणि दुसऱ्याकडून खणून घ्यायलाही. जैन आगमांत श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत ‘फोडीकम्म’, म्हणजे जमीन फोडण्याचे काम, मोडते. तिन्ही परंपरांतल्या माणसांना अन्न मात्र लागतच होते. खायचे तर कुणीतरी नांगर धरलाच पाहिजे, आणि धरणाऱ्याला पाप लागणार, असा हा पेच. सुधारित बियाणे, रासायनिक खते, कीटकनाशके आणि हमखास पाणी यांच्या जोरावर एकरी उत्पन्न कितीतरी वाढवणाऱ्या सघन शेतीने हा पेच सुटला नाही. तो अशा जागी जाऊन बसला की धर्मशास्त्राचे काही जुने निकष तिथपर्यंत पोचत नाहीत.

या पेचाचा सर्वांत बारकाईने विचार जैनांनी केला. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनीच माणसांना असि, मसी आणि कृषी या विद्या शिकवल्या, असे त्यांची परंपरा मानते. ‘उवासगदसाओ’ या आगमातला आदर्श श्रावक आनंद हा पाचशे नांगरांच्या जमिनीचा धनी आहे. व्रत घेताना तो शेती सोडत नाही; पाचशे नांगरांपलीकडे जमीन ठेवणार नाही, एवढे परिमाण ठरवून घेतो. पुढच्या विचारकांनी गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार पाडले. मारण्याच्या हेतूनेच केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात घडणारी ती उद्योगी आणि स्वतःच्या बचावासाठी करावी लागणारी ती विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडावी आणि बाकीच्या होता होईतो कमी ठेवाव्यात. शेती उद्योगी हिंसेत बसली. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा मोठा जैन समाज आहे. ही तरतूद नसती तर त्याला धर्म आणि धंदा यांची सांगड घालणे कठीण गेले असते.

जैन विचाराने आणखी एक दार बंद केले. हिंसा स्वतः केलेली असो, दुसऱ्याकडून करवलेली असो, की नुसती संमती दिलेली असो, कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही वाटांनी ती माणसाला लागते. नांगर दुसऱ्याच्या हाती देऊन हात झटकण्याची सोय यात राहत नाही. व्यवहारात अनेकांनी ती करून घेतली, हा भाग वेगळा.

मनुस्मृतीतही एक हिशेब आहे, आणि तो शेतीवरच्या तिच्या तुच्छतेपेक्षा जास्त विचार करण्याजोगा आहे. तिसरा अध्याय सांगतो की गृहस्थाच्या घरात पाच कत्तलखाने असतात: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी नकळत जीव मरतात, म्हणून रोज पाच महायज्ञ करायचे. त्यांतला भूतयज्ञ म्हणजे इतर जीवांसाठी अन्नाचा वाटा बाजूला काढणे. वैश्वदेव आणि काकबळी या रूपांत तो महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. नकळत झालेल्या हानीचीही भरपाई करावी लागते, हे तत्त्व इथे स्पष्ट आहे. मात्र ज्यांच्यासाठी जमिनीवर अन्न ठेवायचे त्यांच्या यादीत कुत्रे, कावळे आणि किडे यांच्या रांगेत तो ग्रंथ काही माणसांनाही बसवतो. हिंसेचा इतका सूक्ष्म हिशेब मांडणाऱ्या ग्रंथाला ही हिंसा दिसू नये, याची नोंद घेतल्याशिवाय त्याचा आधार घेता येत नाही.

सघन शेतीत नेमके काय बदलले, हे नत्राच्या उदाहरणातून चांगले दिसते. हवेत नत्र भरपूर असतो, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. शेणखत, कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी आणि पड टाकलेली जमीन एवढ्यावरच जगाची शेती हजारो वर्षे चालली. जर्मनीत फ्रिट्झ हेबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाऊ इथे त्याचा कारखाना उभा केला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या एका प्रक्रियेवर अवलंबून आहे, असा अंदाज आहे. भारतीय शेतकऱ्याच्या हाती ती युरियाच्या गोणीच्या रूपाने येते. गोणी ४५ किलोची, तिच्यात नत्र सुमारे २१ किलो. सरकारी अनुदानामुळे ती तीनशे रुपयांच्या आत मिळते, म्हणून हात सैल सुटतो. टाकलेल्या नत्रातला साधारण निम्माच पिकाच्या अंगी लागतो. उरलेल्यातला काही नायट्रेट होऊन पाझरत विहिरीत उतरतो, काही ओढ्या-नद्यांत जाऊन शेवाळ आणि जलपर्णी माजवतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो.

ही हिंसा चार प्रकारांपैकी कोणत्या खान्यात घालायची? कीटकनाशकाचे निदान उत्तर शोधता येते. अळी मरावी म्हणूनच फवारणी होते, तेव्हा ती संकल्पी म्हणावी, की पीक वाचवण्यासाठी केली म्हणून विरोधी, यावर वाद घालता येतो. युरिया टाकणाऱ्याला मात्र कुणालाच मारायचे नसते. त्याच्या फाळाखाली गांडूळ सापडावे तसा कुणी जीवही समोर येत नाही. हानी होते ती दूरवर, पुष्कळ वर्षांनी, आणि लाखो गोण्यांची मिळून. एकट्या गोणीचा वाटा दाखवता येत नाही. हेतू आणि समोरचा बळी या दोन खुंट्यांवर टांगलेला नीतिविचार इथे निरुत्तर होतो.

कृष्णाकाठी ही अडचण डोळ्यांना दिसते. कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठची जमीन काळी, चिकण, कसदार, पण पाण्याचा निचरा सावकाश करणारी. उपसा सिंचन योजनांनी तिला बारमाही पाणी मिळाले आणि ऊस आला. उसाला पाटाने सऱ्या भरभरून पाणी देण्याची रीत पडली. भूजलाची पातळी वर्षागणिक चढत मुळांपर्यंत आली. खालून ओढले जाणारे पाणी उन्हाने उडून जाते आणि त्यातले क्षार वर राहतात. उन्हाळ्यात वाफ्यांवर पांढरी खपली धरते, उसाचे फुटवे पिवळे पडतात, जागोजाग खांडण्या दिसू लागतात. सोडियम आणखी वाढला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत; भिजली की चिखल, वाळली की दगड अशी तिची गत होते. अशा जमिनीला चोपण म्हणतात. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत एकरी शंभर टन उसाच्या गोष्टी ज्या शिवारात चालतात, त्याच शिवारात बांधापलीकडे बाभळी आणि लव्हाळ्याखेरीज काही न उगवणारे तुकडे पडून आहेत. वरच्या अंगाच्या शेतात दिलेले जादा पाणी झिरपत खालच्या अंगाच्या शेतात निघते, म्हणून पाणी देणारा एक आणि जमीन गमावणारा दुसरा असेही पुष्कळदा होते. गुन्हेगार शोधू गेल्यास सापडत नाही. सगळ्यांनी चांगले पीक काढले, एवढेच घडले.

या शेतीच्या बाजूने जे बोलले जाते तेही नैतिकच आहे आणि ते हलके नाही. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, बिहारमध्ये दुष्काळ पडला, आणि देशाचे पोट अमेरिकेतून पीएल-४८० कराराखाली येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर अवलंबून राहिले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले. १९६४-६५ च्या चांगल्या हंगामात गहू सव्वाशे लाख टनांच्या आसपास होता. १९६७-६८ मध्ये तो सुमारे १६५ लाख टनांवर गेला. या वाणांचे जनक नॉर्मन बोरलॉग यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले ते शांततेचे. थोड्या जमिनीत जास्त पिकवले तर बाकीची जमीन, रान आणि कुरणे नांगराखाली यायची वाचतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. जैन परिभाषेत मांडले तर तो असा होतो: दहा एकरांवरची पातळ हिंसा बरी, की दोन एकरांवरची दाट हिंसा आणि आठ एकरांवर अभय? दाट हिंसा पसंत करणारा माणूस निर्दय ठरत नाही.

हा युक्तिवाद गव्हाला जितका लागू पडतो तितका उसाला लागत नाही. पोळीची भूक पोटाला बांधलेली असते. साखर, मळी आणि इथेनॉल यांची मागणी बाजाराला बांधलेली असते, आणि तिथे एकरी उत्पन्न वाढले की पीक परवडू लागते व नवे एकर त्याखाली येतात. महाराष्ट्रात पेरणीखालच्या क्षेत्राचा थोडाच भाग उसाखाली आहे, तरी सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा तो पितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी नेऊन लातूर शहराची तहान भागवावी लागली, तेव्हा त्याच लातूर जिल्ह्यात साखर कारखाने होते. भुकेच्या नावावर मिळालेली नैतिक सवलत उसाने वापरावी, हे समर्थनात बसत नाही. सघन शेती चांगली की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारणाऱ्या दोन्ही बाजू इथेच चुकतात.

गव्हाच्या बाबतीतही इशारा वेळेवर मिळाला होता, आणि तो विरोधकांकडून आला नव्हता. हरितक्रांतीचे भारतातले प्रमुख शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी जानेवारी १९६८ मध्ये वाराणसीच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये सांगितले की मातीचा कस आणि पोत न राखता सघन लागवड केली तर शेवटी वाळवंटे तयार होतील. कीटकनाशकांचा बेछूट वापर, भूजलाचा अशास्त्रीय उपसा आणि एक-दोन वाणांवर सगळी मदार ठेवणे, यांचे धोकेही त्यांनी त्याच वेळी मांडले. पंजाबात आज दरवर्षी जेवढे पाणी जमिनीत मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते.

हेतूचा निकष अपुरा पडतो तिथे दुसरी एक जुनी कल्पना उपयोगी येते, ती ऋणाची. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतो तोच ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे डोक्यावर घेऊन. शतपथ ब्राह्मणात मनुष्यऋण हे चौथे येते. हे कर्ज कुणी मागून घेतलेले नसते आणि त्यात कुणाचा अपराधही नसतो. मिळाले आहे, म्हणून देणे आहे, इतकेच. मातीला हे तंतोतंत लागू पडते. सुपीक मातीचा एक सेंटिमीटर थर बनायला काही शतके लागतात. सातबाऱ्यावर नाव असलेल्या कोणत्याही धन्याने ती बनवलेली नसते.

आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाला याच ठिकाणी एक अवघड गाठ पडली आहे. पुढच्या पिढ्यांचे आपण नुकसान करतो, असे म्हणताना नुकसान नेमके कुणाचे? डेरेक पार्फिट यांनी ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या १९८४ च्या ग्रंथात दाखवले की धोरण वेगळे असते तर लग्ने, घरे, जन्माच्या वेळा सगळेच वेगळे झाले असते, आणि जी माणसे जन्मली ती जन्मलीच नसती. पंजाबातल्या आजच्या तरुणाला त्याच्या आजोबांच्या ट्यूबवेलबद्दल तक्रार करता येईल का? त्या ट्यूबवेलच्या पैशावर जे घर उभे राहिले, त्यातच तो जन्मला. दुसरा पर्याय त्याच्यासाठी बरा नव्हता. त्या पर्यायात तो नव्हताच. तर्काने पाहता ही गाठ सहज सुटत नाही.

पितृऋणाची रचना मात्र तिला वळसा घालून जाते. पितरांचे ऋण पितरांना परत देता येत नाही, ते फेडायचे संततीच्या रूपाने. घेतले मागच्यांकडून, द्यायचे पुढच्यांना. आणि ते पुढचे कोण असतील हे ऋण ठरताना कुणालाच माहीत नसते. म्हणजे हे देणे ठरावीक व्यक्तीचे नाही, त्या जागेवर जो कुणी येईल त्याचे आहे. तो गणपत असेल की गुरमीत, याने देण्यात फरक पडत नाही. वैदिक ऋषींनी मातीचा किंवा भूजलाचा विचार करून ही कल्पना मांडली होती, असे म्हणणे ओढूनताणून होईल. त्यांना वंश आणि यज्ञ टिकवायचा होता. तरीही घेणेकऱ्याचे नाव ठाऊक नसताना देणे कसे मानायचे, याचे उत्तर तिच्यात आहे.

ऋण मान्य केले तरी ते फेडायचे कसे, हा पुढचा प्रश्न आहे, आणि सघन शेतीचा अनुभव इथे विलक्षण बोलका आहे. तिचे कर्ज फिटण्याऐवजी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पंजाबने भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये कायदा केला आणि १० जूनआधी भात लावायला बंदी घातली. ऐन उन्हाळ्यात खाचरांतून उडून जाणारे पाणी वाचावे, हा हेतू योग्यच होता. भाताची कापणी मात्र पुढे सरकली. गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळे करायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, आणि हार्वेस्टरने मागे सोडलेले भाताचे काड पेटवून देणे हाच स्वस्त मार्ग ठरला. वारा पडलेल्या नोव्हेंबरात तो धूर दिल्लीवर साचतो. पाण्याचे देणे काही अंशी हवेच्या खात्यावर गेले.

शिरोळ तालुक्यातही हेच, पण अधिक समंजसपणे झाले. तिथे शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने चोपण जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले. चर खणून, उतार साधून, गाळ आत शिरू नये म्हणून आवरण घातलेले पाइप पुरायचे आणि ते मुख्य वाहिनीला जोडून नाल्यात सोडायचे. एकट्याने हे काम होत नाही. पाणी शेजाऱ्याच्या रानाखालून न्यावे लागते, म्हणून सगळ्या शिवाराची संमती लागते. बांधाच्या वितीवरून कोर्टात जाणाऱ्या मुलखात ही संमती मिळाली, ही साधी गोष्ट नव्हे. पडून असलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला. जमिनीतून धुतले गेलेले क्षार मात्र नाल्यातून नदीला मिळतात, आणि नदी पुढे कर्नाटकात जाते.

फेड घाईने करू गेल्यास कर्ज सर्वांत दुबळ्याच्या गळ्यात पडते, हे श्रीलंकेने दाखवले. तिथल्या सरकारने २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली. हजारो वर्षांत साठणारा कस एका हंगामात जागा होत नाही. भाताचे उत्पादन कोसळले, चहाला फटका बसला, तांदूळ आयात करावा लागला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घेतली गेली. जमिनीचे देणे फेडायला निघालेल्या धोरणाने ते गरिबाच्या ताटातून वसूल केले.

तेव्हा नैतिक प्रश्न असा उरतो: कर्ज कुणाच्या नावावर चढवले जात आहे, आणि त्याला ते माहीत आहे का? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. पीक डोक्याच्या वर वाढलेले, पाठीवर पंप, तोंडाला फार तर फडके. ज्या कापसासाठी ती फवारणी होती तो त्यांतल्या कित्येकांच्या मालकीचा नव्हता. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच मातीचा प्रश्न न्यायाच्या प्रश्नाला जोडला होता. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर वाहून शेताला खत मिळे, ते जंगल खात्याने तोडले, अशी त्यांची तक्रार होती. पाणी रानातच मुरावे म्हणून सरकारने ठिकठिकाणी बंधारे घालावेत, अशी मागणी होती. मातीचा कस कमी झाला की आधी कोण मरतो, हे त्यांना नीट दिसत होते.

अनुमोदनाचा जुना नियम इथे पुन्हा लागू होतो, आणि तो खाणाऱ्याला लागतो. स्वस्त साखर, स्वस्त तांदूळ आणि स्वस्त सुती कपडा घेणाऱ्याने नांगराला हात लावलेला नसतो, पण सगळी व्यवस्था त्याच्याच मूक संमतीवर चालते. शेतकऱ्याला सेंद्रिय शेतीची प्रवचने देणे आणि भाव मात्र जुनाच देणे, ही मनूच्या काळापासून चालत आलेली सोय आहे: पाप नांगरधाऱ्याचे, अन्न सगळ्यांचे. जैनांच्या विचारातून आज उचलण्याजोगी गोष्ट अहिंसेपेक्षाही परिमाणाची आहे. आनंद श्रावकाने नांगरांची संख्या आधीच ठरवली होती. किती पाणी, किती खत, कोणत्या पिकाला किती एकर, ही मर्यादा तशीच आधी ठरवावी लागेल. तीही गावाने, कारखान्याने आणि सरकारने मिळून, कारण एकट्या शेतकऱ्याने हात आखडला तर तोट्यात तोच जातो.

अशी मर्यादा पाळणाऱ्याला भाव देण्याची तरतूद सध्याच्या हिशेबात नाही. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, साखरेच्या उताऱ्यावर ठरते. गव्हा-भाताचा हमीभाव ठरवताना बियाणे, खते, मजुरी आणि घरच्यांचे श्रम मोजले जातात. सी-२ या सर्वांत व्यापक उत्पादनखर्चात जमिनीचा खंड, भांडवलावरचे व्याज आणि अवजारांचा घसाराही येतो. खाली गेलेल्या भूजलाचा आणि चोपण झालेल्या एकराचा घसारा त्यांपैकी कशातच धरलेला नाही.